आरशाला टवका, वर ओरखडा: दुर्बीण बाद झाली का?

प्रश्न असा आहे: २०० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण (नळीच्या तळाशी मोठा अंतर्वक्र मुख्य आरसा, तोंडाजवळ प्रकाश बाजूला वळवणारा छोटा दुय्यम आरसा) वापरलेली घेतली. वाटेत मुख्य आरशाची एक क्लिप सरकली आणि कडेचा नखाएवढा टवका उडाला. शिवाय आरशावर बोटभर लांब ओरखडा आहे, आणि एका बाजूला पुसूनही न जाणारे धुरकट डाग आहेत. ओरखडा पॉलिश करून काढता येईल का, आरसाच बदलावा, की दुर्बीण मोडीत काढावी?

आरसा बदलावा असं यात मला अजून तरी काही दिसत नाही. ओरखड्याला पॉलिश अजिबात लावू नका. टवका उडाला तिथून काचेत तडा गेलाय का, एवढं मात्र आजच तपासा. बाकीचा निर्णय दुर्बीण ताऱ्यावर लावल्यावर करा, तोपर्यंत थांबा. दिवसाउजेडी आरशाकडे बघून केलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो. नळीच्या तोंडातून बॅटरीचा झोत टाकला की महिन्याभरापूर्वी धुतलेला, अव्वल आरसासुद्धा टाकाऊ वाटतो, कारण त्या झोतात फक्त धूळ आणि ओरखडेच चमकतात. काचेचा घाट बरोबर आहे की नाही, हे त्या उजेडात कळूच शकत नाही.

आधी आकडे बघू, त्याने जीव थोडा भांड्यात पडेल. २०० मिमी व्यासाच्या आरशाचं क्षेत्रफळ साधारण ३१,४०० चौरस मिमी. टवका १२ मिमी लांब आणि ५ मिमी आत गेलेला धरला, तर त्याने ४७ चौरस मिमीच्या आसपास जागा खाल्ली, म्हणजे ०.१५ टक्के. ओरखडा ७० मिमी लांब आणि ०.१ मिमी रुंद धरला तर ७ चौरस मिमी, म्हणजे ०.०२ टक्के. आता नळीच्या मधोमध बसलेला दुय्यम आरसा बघा. तो ५० मिमीचा असेल तर एकटाच सव्वासहा टक्के प्रकाश अडवतो, आणि दुर्बीण बनवणाऱ्याने तो हिशोबात धरलेलाच असतो. साधा अल्युमिनियमचा मुलामा नवाकोरा असतानाही दहा-बारा टक्के प्रकाश गिळतो. या सगळ्यापुढे तुमचा टवका आणि ओरखडा डोळ्याला जाणवणारच नाहीत, इतके लहान आहेत.

पण प्रकाश किती अडला, एवढ्यावर भागत नाही. बिघडलेली काच प्रकाशाचं तीन प्रकारे नुकसान करते: अडवते, विखुरते किंवा वाकडा नेते. अडवण्याचं आत्ताच पाहिलं. विखुरणं त्याहून थोडं वाईट. ओरखड्याच्या कडांवरून उडालेला प्रकाश तेजस्वी वस्तूभोवती पसरतो आणि ओरखड्याला काटकोनात एक फिकट रेघ उमटते. चंद्र, तारकागुच्छ, दीर्घिका बघताना ती कळत नाही. व्याधाशेजारचा मंद जोडीदार किंवा गुरूच्या पट्ट्यांमधले बारकावे शोधताना क्वचित आड येते. सगळ्यात वाईट म्हणजे तिसरा प्रकार, प्रकाश वाकडा जाणं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५५० नॅनोमीटर असते. प्रतिमा धारदार हवी तर डोळ्यापर्यंत येणाऱ्या लहरीत पाव तरंगाहून, म्हणजे सुमारे १३८ नॅनोमीटरहून जास्त चूक नको. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणून आरशाच्या पृष्ठभागाला मुभा त्याच्या निम्मी, जेमतेम ७० नॅनोमीटर. अल्युमिनियमचा अख्खा थरच साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो. तुमच्या आरशाची खरी किंमत या ७० नॅनोमीटरच्या शिस्तीत आहे, आणि टवका किंवा ओरखडा आपल्या जागेबाहेरच्या काचेची ती शिस्त मोडत नाही.

याची दोन मोठी उदाहरणं आहेत आणि ती शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. टेक्सासमधल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत १९७० साली एका कर्मचाऱ्याने १०७ इंची दुर्बिणीच्या मुख्य आरशावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. आरशाला भोकं पडली, पण तो फुटला नाही. खराब झालेली जागा कोरून काळी केली आणि दुर्बीण पुन्हा कामाला लागली. प्रकाश कमी झाला तो फार तर एखाद-दुसरा टक्का. उलट हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा १९९० साली वर गेला तेव्हा त्यावर डाग म्हणून नव्हता. कडेला तो हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेला होता, बस एवढंच. पण तेवढ्यानेच ताऱ्यांभोवती प्रकाशाची भुरकट प्रभावळ आली, आणि १९९३ साली अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशसामग्री बसवेपर्यंत ती गेली नाही. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीचा काचेचा गोळा आला तोच बुडबुड्यांनी भरलेला. सुरुवातीला तो नापसंत झाला होता. पुढे त्याच काचेचा आरसा बनला, १९१७ पासून वापरात आला आणि देवयानी दीर्घिकेतला रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा १९२३ साली त्याच आरशाने टिपला. प्रकाश समोरच्या पृष्ठभागावरूनच परततो, काचेच्या पोटात काय आहे याचा त्याला जवळजवळ संबंध नाही.

म्हणून पॉलिशचा विचार डोक्यातून काढा. टूथपेस्ट, गाडीचं पॉलिश, मोबाइलच्या काचेसाठी मिळणारी सिरियम ऑक्साइडची पूड, सगळ्यांचं एकच. पहिल्या दोन घासांत मुलामा जातो, मग काच झिजायला लागते. ओरखडा काही मायक्रोमीटर खोल असतो. तो घालवायचा तर आजूबाजूची काच तेवढी खाली आणावी लागते, आणि बोटाने घासून ती एकसारखी कधीच खाली येत नाही. ओरखडा दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी रुपयाएवढा खळगा राहतो, मुभेच्या कितीतरी पट खोल. ओरखडा खरोखर काढायचाच असेल तर अख्खा आरसा नव्याने घासून, पॉलिश करून, परवलयाकार घाट पुन्हा द्यावा लागतो. आरसे घडवणाऱ्या हातांचं ते काम आहे, आणि एका ओरखड्यासाठी ते कुणी करत नाही. मी पाहिलेल्या कायमच्या बाद झालेल्या आरशांपैकी बहुतेक अपघाताने गेले नव्हते. अपघातानंतर कुणीतरी त्यांच्यावर दुरुस्ती केली होती.

आता टवका. त्याचा पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, वर्तुळाकार लहरींचा असेल आणि तो तिथेच संपत असेल तर काळजी नाही. तडा ही वेगळी गोष्ट. अंधाऱ्या खोलीत आरशाच्या कडेला बॅटरी टेकवा आणि उजेड काचेच्या पोटात जाऊ द्या. बॅटरी हळूहळू सरकवत टवक्याभोवतीची काच वेगवेगळ्या कोनांतून बघा. तडा असेल तर काचेच्या आत एक पातळ पापुद्रा चमकेल आणि एका ठरावीक कोनातून एकदम लखलखेल. तडा सापडला तर त्याचं टोक जिथे संपतं तिथे आरशाच्या पाठीवर बारीक पेनाने खूण करा आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा. रात्रीच्या गारठ्यात आणि दिवसाच्या उष्म्यात काच आकसते-प्रसरते, त्यात तडा पुढे सरकू शकतो. सरकत असेल तर तो आरसा नळीत उभा करू नका, निखळला तर बाकीचंही घेऊन पडेल.

नुसता टवका असेल तर त्याची चकाकी मारायची. मॅट काळा रंग, बारीक ब्रश, आणि रंग टवक्याच्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचा नाही. ओरखडा खूप रुंद आणि खोल असेल तर त्यातही काळी शाई भरतात, पण तुमच्यासारख्या केसाएवढ्या ओरखड्यात शाई भरायला गेलात तर आजूबाजूला जास्त लागेल. तो तसाच सोडा. रंग लावण्याआधी मात्र मुलाम्याचा निर्णय करा, कारण नवा मुलामा निर्वात पात्रात चढतो. तिथे रंग, गोंद, सिलिकॉन काहीही वाफा सोडतं आणि थर बिघडवतं. शिवाय नवं अल्युमिनियम टवक्याच्या खळग्यातही बसतं आणि तो आरशासारखा चमकायला लागतो. म्हणजे क्रम असा: आधी मुलामा, मग काळा रंग.

क्लिपकडे मात्र टवक्यापेक्षा जास्त लक्ष द्या. क्लिप एकदा सुटली की घाबरून माणूस ती परत करकचून आवळतो, आणि तिथून खरं दुखणं सुरू होतं. आरसा तीन क्लिपांखाली दाबला गेला की ७० नॅनोमीटरची शिस्त मोडते आणि तारा तिकोनी दिसायला लागतो. क्लिप आणि आरसा यांच्यात साध्या कागदाची पट्टी सहज सरकेल एवढी फट हवी. क्लिपेचं काम आरसा पुढे पडू न देणं एवढंच आहे. कडेच्या आधारांनाही तेच लागू, आरसा सेलमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या बैठकीत, किंचित हलला पाहिजे. टवका नेमका एखाद्या क्लिपेखाली आणता आला तर आरसा फिरवून तसा बसवा, चकाकी आपोआप झाकली जाईल. फक्त क्लिपेचा भार टवक्याच्या धारदार कडेवर येता कामा नये.

हे झालं की ताऱ्याची परीक्षा. कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं, आधी नीट करून घ्या, आणि दुर्बीण बाहेर ठेवून किमान तासभर गार होऊ द्या. गरम आरशासमोरची हवा कुठल्याही टवक्यापेक्षा जास्त गोंधळ घालते. बराच वर आलेला मध्यम तेजाचा तारा घ्या. ध्रुवतारा जवळजवळ सरकत नाही म्हणून सोयीचा, तुमच्याकडून तो पुरेसा वर दिसत असेल तर तोच घ्या. २०० पट वर्धन ठेवा. तारा दृश्याच्या मधोमध ठेवून फोकस थोडा आत न्या, चार-पाच कडी दिसेपर्यंत. मग तेवढाच बाहेर काढा. दोन्हीकडची कडी गोल आणि साधारण सारखी दिसली तर आरशाचा घाट शाबूत आहे. फोकसबाहेरच्या चकतीत कडेला छोटासा चावा घेतल्यासारखा दिसेल तो टवका. तो दिसणारच, त्याने दचकू नका.

चकती लंबगोल असेल आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला लंबगोल ९० अंशांनी वळत असेल तर दृष्टिवैषम्य (दोन काटकोनी दिशांतला प्रकाश वेगवेगळ्या जागी जुळणं) आहे, पण कुणाचं ते शोधावं लागतं. आधी डोकं वाकडं करा. लंबगोल डोक्याबरोबर वळला तर दोष तुमच्या डोळ्याचा. मग आयपीस (डोळा लावायचं भिंग) खाचेत फिरवून बघा. तिथेही काही हललं नाही तर मुख्य आरसा सेलसकट किंवा सेलमध्येच ९० अंश फिरवून बसवा, कॉलिमेशन करा आणि तोच तारा पुन्हा लावा. दोष आरशाबरोबर वळला तर आरशाचा किंवा त्याच्या पकडीचा, नाही वळला तर दुय्यम आरशाचा. दुय्यम आरसा गोंदाने चिकटवलेला असेल आणि गोंदाचा थर मोठा व कडक असेल तर तो काच ओढून वाकवतो. अशा वेळी मुख्य आरशाला उगाच दोष दिला जातो. दर वेळी काय दिसलं त्याचं चित्र काढून ठेवा. नुसत्या आठवणीवर विसंबलात तर दुसऱ्या रात्री घोटाळा होतो.

आता धुरकट डाग. आधी धुऊन बघा, मग मुलाम्याचं ठरवा. धुण्याची पद्धत मी बारकाईने सांगतो, कारण तुमच्या आरशावरचा ओरखडा बहुधा कुणीतरी कोरड्या कापडाने पुसताना पडलेला आहे. धुळीतला वाळूचा कण काचेइतका किंवा त्याहून कठीण असतो, म्हणून धूळ निघून जाईपर्यंत पृष्ठभागाला काहीही टेकवायचं नाही. हवेच्या फुग्याने मोकळी धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. अंगठ्या, घड्याळ काढा. टबाच्या तळाशी जाड टॉवेल घाला, आरसा तिरका उभा धरा आणि कोमट पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. मग साध्या पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे एक-दोन थेंब टाकून आरसा त्यात बुडवून ठेवा. पाण्याखालीच शुद्ध कापसाचा बोळा फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने सरळ ओढा. एक ओढ झाली की बोळा फेकायचा. गोल गोल घासणं नाही, दाब नाही, हट्टी डागावर परत परत जाणं नाही. पुन्हा वाहत्या पाण्याने खळखळून, शेवटी डिस्टिल्ड पाणी ओता आणि आरसा कडेवर जवळजवळ उभा ठेवून वाळू द्या. राहिलेले दोन-चार थेंब टिश्यूचं टोक लावून टिपून घ्या. वर्षातून एकदापेक्षा जास्त हे करायची गरज सहसा पडत नाही, आणि थोड्याशा धुळीसाठी तर नाहीच.

धुऊनही धुरकटपणा राहिला तर मुलामा गंजलाय. बोटांचे ठसे, दमट हवा, समुद्राकडचा खारा वारा, कीटकांची विष्ठा हे सगळे अल्युमिनियम खातात. किती वाट बघायची? दोन्ही आरसे नव्याने ८८ टक्के परावर्तन देत असतील तर डोळ्यापर्यंत ७७ टक्के प्रकाश पोचतो. दोन्ही ७५ टक्क्यांवर आले तर ५६ टक्के. आकाशात हा फरक साधारण एक तृतीयांश प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायचं एकक), म्हणजे मंद दीर्घिका शोधणाऱ्याला खुपणारा आणि चंद्र-ग्रह बघणाऱ्याला फारसा न कळणारा. डाग एका कोपऱ्यात असतील तर खुशाल दोन-तीन वर्षं वापरा. मुलामा करायला द्याल तेव्हा दोन्ही आरसे एकदमच द्या, आणि टवक्याचं आधी सांगा. जुना थर रसायनाने उतरवतात, काचेच्या घाटाला धक्का लागत नाही. पूर्वी आरसे धातूचे असत, ते काळवंडले की पुन्हा पॉलिश करावे लागत आणि त्याबरोबर घाटही पुन्हा द्यावा लागे. १८५०च्या दशकात फूको आणि श्टाइनहाइल यांनी काचेच्या आरशावर चांदी चढवली तेव्हा त्या जाचातून सुटका झाली, आणि १९३०च्या दशकात चांदीची जागा टिकाऊ अल्युमिनियमने घेतली. मुलामा हा बदलण्यासाठीच असतो, त्यासाठी आरसा टाकायचा नसतो.

जागेचा एक नियम लक्षात ठेवा, तो तुम्हाला पुढेही उपयोगी पडेल: दोष फोकसच्या जितका जवळ, तितका जास्त त्रासदायक. मुख्य आरशावर एका ताऱ्याचा प्रकाश पूर्ण २०० मिमीवर पसरलेला असतो. दुय्यम आरशापाशी तो साधारण ३० मिमीचा झोत उरतो, म्हणून तिथला २ मिमीचा डाग जास्त मोजावा. आयपीसचं आतल्या बाजूचं भिंग फोकसपासून ५ मिमीवर असेल तर तिथे झोत एक मिलिमीटरही रुंद नसतो. तिथला साधा धुळीचा कण चंद्रावर काळा ठिपका बनून दिसतो. त्यामुळे दृश्यात ठिपके दिसले की लोक मुख्य आरसा उघडून बसतात, आणि दोष निघतो आयपीसमध्ये.

भिंगाच्या दुर्बिणीचं थोडक्यात. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा किंवा विरळ झालेला मुलामा सोडून द्या. बुरशी मात्र सोडू नका. तिचे धागे काचेवर आम्ल सोडतात आणि पुसल्यावरही खोदलेली नक्षी राहते. बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने लगेच काढा आणि दुर्बीण कोरड्या जागी, सिलिका जेलसोबत ठेवा. दोन भिंगांच्या मध्ये असेल तर जोडी सुटी करण्याआधी दहादा विचार करा. दोन्ही भिंगांचा क्रम, त्यांच्या बाजू, एकमेकांच्या संदर्भातली फिरकी आणि मधल्या पातळ चकत्या, सगळं जसंच्या तसं परत बसावं लागतं. उघडणारच असाल तर दोन्ही भिंगांच्या कडांवर आरपार जाणारी पेन्सिलची बाणासारखी खूण आधी करा. श्मिट-कॅसेग्रेनची (आरसे आणि तोंडावर एक सुधारक काच असलेल्या आखूड दुर्बिणीची) ती पुढची काच फुटली तर गोष्ट अवघड आहे. ती त्या दुर्बिणीच्या आरशांशी जुळवून बसवलेली असते, दुसऱ्या नळीची काच घालून प्रतिमा तशीच येईल याची हमी नसते.

सौर फिल्टरला मात्र वरचा एकही हिशोब लावू नका. त्याच्यावर ओरखडा, सुईएवढं भोक, तडा किंवा मुलाम्याची विरळ जागा दिसली तर तो वापरातून काढा. टक्केवारी तिथे चालत नाही, डोळा जातो. आयपीसला लावायचे छोटे काळे सौर फिल्टर तर धड असले तरी वापरू नका. फोकसजवळच्या उष्णतेने ते बघता बघता तडकतात.

राहिली एक शक्यता: ताऱ्याच्या परीक्षेत आरसा नापास झाला तर. क्लिपा सैल करूनही, ९० अंश फिरवूनही दोष आरशाबरोबरच राहिला, तर आधी कडेला काळ्या कागदाची ५ मिमी रुंद कडी लावून बघा. व्यास १९० मिमी होईल, प्रकाश दहा टक्के कमी होईल, पण दोष फक्त काठाच्या पट्ट्यात असेल तर प्रतिमा लगेच सुधारलेली दिसेल. त्याने भागलं नाही तर नळीच्या तोंडावर पुठ्ठा लावा आणि त्यात दुय्यम आरसा व त्याचे हात चुकवून एका बाजूला ७० मिमीचं भोक पाडा. आरशाच्या वेगवेगळ्या भागांवर ते फिरवून बघितलं की कुठला भाग बिघडलाय ते कळतं, आणि चांगल्या भागातून चंद्र नि जोडतारे बघताही येतात. एवढं करूनही कुठल्याच भागातून तारा नीट गोल दिसला नाही, तरच नव्या आरशाकडे वळा. नळी, सेल आणि फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) तेच राहतील, फक्त नव्या आरशाचं नाभीय अंतर १२०० मिमीच घ्या, नाहीतर फोकस नळीच्या आत किंवा फोकसरच्या बाहेर जाऊन बसेल.